बिझी वाचकासाठी लिहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

घोडबंदरकर:
परवा इथे एकाने सल्ला टाकला होता की आजकाल कुणाला वेळ नाही, 200 शब्दांत आटपा, वाक्य दहा शब्दांच्या वर नको, प्रत्येक मुद्द्याला टिंब द्या, जमलं तर मधेमधे इमोजी. कोण बिझी आहे ओ? संध्याकाळी गायमुखला बस अडकली की अख्खी बस मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसलेली असते. वेळ आहे, धीर नाहीये, आणि त्याला लिहिणाराच जबाबदार, कारण पहिले दोन परिच्छेद "नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो" यातच जातात. कामाचं वर घ्या, मग खाली हजार शब्द लिहा, ज्याला हवंय तो वाचेल. टिंबं टिंबं करून "म्हणून" आणि "पण" तेवढे गायब होतात, मग कशामुळे काय झालं ते वाचणाऱ्यानेच जुळवत बसायचं.

नेरुळ_ईस्ट:
सल्ला माझाच होता, नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. आणि हे माझ्या मनाचं नाही. वेबसाइट लोक कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या याकोब नील्सनने 1997 मध्येच लोकांना समोर बसवून बघितलं होतं, 79 टक्के लोक नवं पान नुसतं चाळतात, शब्दन् शब्द वाचणारे 16 टक्के. एकाच साइटचा मजकूर निम्मा केला तर ती वापरायला 58 टक्के बरी ठरली, चाळता येईल असा मांडला तर 47. मी कंपनीत हेल्पची पानंच लिहितो, रोजचं बघतोय. तुमचं धीरबीर ऐकायला छान आहे.

घोडबंदरकर:
सोयीचे आकडे तेवढे उचललेत. नेब्रास्काच्या पर्यटनाची साइट होती ती, आणि त्यात नुसती फुशारकी काढून साधं खरं लिहिलं तरी 27 टक्के फरक पडला होता. त्याबद्दल तुमच्या सल्ल्यात चकार शब्द नाही.

नेरुळ_ईस्ट:
आणि तिन्ही एकत्र केल्यावर 124. ते सांगायचं राहिलं वाटतं तुमचं.

ऐरोलीचा_डीटीपीवाला:
तुम्ही दोघं शब्द मोजत बसा. मराठी वाचायला त्रास होतो तो ओळी चिकटलेल्या असतात म्हणून. इंग्रजीला बेतलेलं अंतर तसंच ठेवतात, मग वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. त्यात आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत म्हणून जो तो सगळं बोल्ड करतो, बारीक टाइपात बोल्ड केलं की जोडाक्षरांचा नुसता काळा डाग. ओळींत हवा सोडा, अर्धं काम तिथेच होतं. पण हे ऐकतो कोण, क्लायंटला एकाच पानात सगळं कोंबायचं असतं आणि वर लोगो मोठा.

कोपरीची_ताई:
लेख राहू द्या, आमच्या सोसायटीची नोटीस बघा. गुरुवारी पाणी बंद. नोटीस सुरू कशी, तर "उपरोक्त विषयास अनुसरून सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की", मग पालिकेच्या पत्राचा जावक क्रमांक, मग जलवाहिनीच्या दुरुस्तीचं पुराण, आणि सकाळी 9 पासून 24 तास पाणी नाही हे चौथ्या परिच्छेदात. बरं टाइप करून तरी पाठवा ना, नाही, बोर्डावरच्या कागदाचा तिरका फोटो, ट्यूबलाइटची चमक नेमकी तारखेवर. माझ्या सासऱ्यांना दिसत नाही फारसं, ते टॉकबॅक, म्हणजे फोनच स्क्रीनवरचं वाचून दाखवतो ती सोय, लावून ऐकतात. त्यांना काय ऐकू आलं? "फोटो". बादल्या रिकाम्या.

मानद_सचिव_ठाणे_प:
ताई, मी तुमच्या सोसायटीचा नाही, पण सचिव आहे, फुकटात. संदर्भ नाही टाकला तर उद्या कुणीतरी उपनिबंधकांकडे जाऊन म्हणतं नोटीस नियमबाह्य. वार्षिक सभेला 14 पूर्ण दिवस आधी नोटीस द्या, विषयपत्रिका जोडा, एक शब्द चुकला तरी सभा रद्द करा म्हणून बोंब. तुम्हाला वाचायचा कंटाळा, आम्हाला तक्रारींची उत्तरं.

कोपरीची_ताई:
सभेचं कोण बोलतंय? पाण्याच्या नोटिशीला कुठला उपविधी आडवा येतो?

मानद_सचिव_ठाणे_प:
आवाज चढवू नका. टाकी भरून वाहत असली तरी खाली न येणारे लोक नोटिशीचं मराठी शिकवायला मात्र पुढे.

नेरुळ_ईस्ट:
सचिव साहेब, टाकी मधे आणू नका. ताईंचा सवाल साधा आहे. माझ्या सल्ल्याने लिहिली असती तर तीन टिंबं, विषय संपला.

घोडबंदरकर:
आणि त्या तीन टिंबांत "शुक्रवारी सकाळी पाणी आलं तरी दाब कमी असेल, म्हणून वरच्या मजल्यांनी जास्त भरून ठेवा" यातलं "म्हणून" तुम्ही उडवलं असतं. नोटिशीपुरतं मात्र मानतो, आखूडच हवी. खूश?

नेरुळ_ईस्ट:
उपकार झाले.

ऐरोलीचा_डीटीपीवाला:
फोटोच टाकायचा तर निदान तोच मजकूर खाली टाइप करा, कॉपी करता येतो, मोठा करता येतो, सासऱ्यांचा फोनही वाचेल. आणि चार ओळी असल्या तरी मधे अंतर सोडा.

कोपरीची_ताई:
घ्या, मीच लिहिली. "गुरुवारी सकाळी 9 ते शुक्रवारी सकाळी 9 पाणी बंद. बुधवारी रात्रीच भरून ठेवा. शुक्रवारी दाब कमी असेल, म्हणून पाचव्या मजल्यावरच्यांनी थोडं जास्त भरा. पालिकेचं पत्र बोर्डावर लावलंय."

मानद_सचिव_ठाणे_प:
"पाचव्या मजल्यावरच्यांनी" म्हणजे फक्त पाचवा की पाच आणि त्याच्या वरचे सगळे? सहाव्यावाले भांडायला येणार ते माझ्याकडे. पण हो, तारीख वर घेईन, जावक क्रमांक खाली. सहीच्या वर मात्र "आपला विश्वासू" राहणार.

कोपरीची_ताई:
राहू द्या. "पाचव्या आणि त्यावरच्या" करा. आणि टँकर कधी येणार तेही टाका, ते कुठल्याच नोटिशीत नसतं.

मानद_सचिव_ठाणे_प:
टँकरवाला मलाच सांगत नाही, मी काय टाकू?