मदत हवी आहे : किडनीच्या पथ्यात पाचच्या चहासोबत काय द्यावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही जयसिंगपूरचे. बाबा ७१ वर्षांचे, बीपी जुना, त्यातून किडनीचा आजार. ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा) २८, डायलिसिस नाही. दोन महिन्यांपूर्वी रक्तातलं पोटॅशियम वाढून ५.६ आलं आणि आम्ही सगळेच घाबरलो. बीपीला चांगलं म्हणून मीच ‘लो सोडियम’ मीठ आणलं होतं. पुडा उलटून बारीक अक्षरं वाचली तेव्हा कळलं, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. ते बंद केलं, डॉक्टरांनी एक गोळी बदलली, आता ४.९ आहे. तुमच्या घरी किडनीचा पेशंट असेल तर तो पुडा आजच तपासा.

जेवणाचं आता बसलंय. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळते, पाणी ओतून देते. त्यांचं दिवसाचं मीठ सकाळीच मोजून वेगळ्या वाटीत काढते. अडतं ते पाच वाजता. भडंगाशिवाय बाबांचा चहा कधी झालाच नाही. आता मी कपबशी ठेवते, ते फडताळातल्या डब्याकडे बघतात आणि काही न बोलता चहा पितात. मला ते बघवत नाही. शिवाय वजन दोन किलोंनी उतरलंय, उपाशी ठेवू नका असं डॉक्टरांनी बजावलंय.

घरी भडंग करून पाहिलं. शेंगदाणे, डाळं, सुकं खोबरं वगळलं (पोटॅशियम, फॉस्फरस), नुसती लसूण-कढीपत्त्याची फोडणी, वरून मीठ नाही. तरी खारट! चार कोरे चुरमुरे तोंडात टाकले तर मीठ त्यांच्यातच. मग बिनमिठाच्या ज्वारीच्या लाह्या मिळाल्या, फोडणी देऊन वर थोडं लिंबू पिळलं. दोन दिवस आवडीने खाल्ल्या, तिसऱ्या दिवशी ताटली तशीच. सफरचंद, अननसाच्या फोडी चालतात, पण त्यांना चहासोबत कुरकुरीतच लागतं. केळं, चिकू, नारळपाणी बंद. बिस्किटांच्या पुड्यावर घटकांच्या यादीत ५०० आकडा दिसला की त्यात खाण्याचा सोडा आहे, म्हणजे सोडियम आलंच. ४५० ते ४५२ असेल तर फॉस्फेट, आणि असं वरून घातलेलं फॉस्फेट डाळी-दाण्यांतल्यापेक्षा अंगी जास्त लागतं म्हणे, म्हणून ते पुडे मी परत ठेवते.

विचारायचं ते हे. भट्टीवर मिठाशिवाय चुरमुरे फुलतात का? सांगली-कोल्हापूरकडे कुणी तसे करून घेतलेत का? पातळ पोह्यांचा बिनदाण्याचा चिवडा चवीला उभा राहायला काय घालता? साबुदाण्याची खिचडी दाणे-बटाट्याशिवाय कुणी करतं का, कशी लागते? आणि चुलतभावाचं लग्न आहे पुढच्या महिन्यात, तिथे चार वाजता सगळ्यांसमोर फरसाणाच्या ताटल्या फिरतील. तेव्हा बाबांच्या हातात काय द्यावं?

डाएटिशियनची भेट १२ दिवसांनी आहे. तुम्ही सुचवाल ते लिहून नेते, त्यांना दाखवूनच करेन.