लिनक्स वापरून पाहिलंत? काय साधलं, कुठे अडलं ते लिहा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नसलेल्या किंवा जुन्या प्रोसेसरच्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे धडधाकट लॅपटॉप बाजूला पडलेत आणि ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, "लिनक्स टाकू का?" लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली. मी स्वतः तिचा मिंट हा प्रकार वापरते, मनापासून आवडतं. तरी "टाकाच" असं सरसकट सांगायला जीभ धजत नाही, कारण उत्तर यंत्रापेक्षा कामावर जास्त ठरतं. म्हणून काम कोणतं, यंत्र कसलं हे आधी सांगा, मग अनुभव. कौतुक आणि तक्रार दोन्ही हवंय.

निवृत्त शिक्षिका, सातारा
माझं काम लेखनाचं. इनस्क्रिप्ट कळफलक मिंटमध्ये आयताच मिळाला, 'दऱ्या', 'सुऱ्या' बिनचूक उमटतात. लिबरऑफिसला मराठी शब्दकोश जोडला की शुद्धलेखन बऱ्यापैकी तपासता येतं. जुने छापील लेख स्कॅन करून टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरकडून मजकूर काढते. मराठीची डेटा फाइल तेवढी वेगळी घालावी लागते. अडलं ते युनिकोडपूर्व, म्हणजे आजची सर्वमान्य अक्षरसंकेत-पद्धत येण्याआधीच्या फाँटमधल्या फाइलींपाशी. उघडल्या की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. तो दोष लिनक्सचा नाही हे कळतं, पण वीस वर्षांपूर्वीचे लेख त्यातच अडकलेत त्याचं काय? परिवर्तक वापरून एकेक सोडवतेय.

कर सल्लागार, नाशिक
स्पष्टच लिहितो: आमच्या धंद्यात पूर्णवेळ लिनक्स जमत नाही. टॅली विंडोजसाठीच बनलेलं. वाइनवर (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणारा प्रोग्राम) चालवण्याचे प्रयोग होतात, पण अशिलाचे हिशेब प्रयोगावर ठेवायचे नसतात. दुसरी गाठ डिजिटल सहीच्या टोकनची (पेनड्राइव्हसारखं यूएसबी उपकरण). ड्रायव्हर मिळतो, टोकन दिसतं, आणि ऐन सही करताना पोर्टलची युटिलिटी त्याला ओळखत नाही. विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला असं झालं की जीव टांगणीला लागतो. घरच्या लॅपटॉपवर मात्र उबुंटू हा लिनक्सचाच प्रकार आहे, तिथे कसलीच तक्रार नाही.

अक्षरजुळणी आणि मांडणी, पुणे
वरच्या दादांसारखंच माझं. छापखान्याला सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या) रंगातली फाइल लागते. गिंप आणि इंकस्केप ही चित्रांची सॉफ्टवेअर मुळात आरजीबीत (पडद्याच्या रंगांत) काम करतात, त्यामुळे शेवटची जबाबदारी पानं मांडणाऱ्या स्क्रायबसवर येते. त्याच्या १.४ मालिकेत आपली जोडाक्षरं तुटायची, १.६ मध्ये ती नीट जुळतात. ही सुधारणा मोठी आहे. एक पूर्ण पुस्तक मी त्यावर लावलं आणि पीडीएफ छापखान्यात बिनतक्रार गेली. पण ग्राहक कोरेलची किंवा इनडिझाइनची मूळ फाइल मागतो तिथे माझा नाइलाज होतो. म्हणून दोन्ही प्रणाली ठेवल्यात. स्वतःच्या पुस्तकांचं काम लिनक्सवर, ग्राहकांचं विंडोजवर.

जिल्हा परिषद शाळा, सिंधुदुर्ग
आमच्याकडे देणगीत आलेली जुनी यंत्रं आहेत, बहुतेकांत ४ जीबी रॅम. मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती त्यावर छान पळते. पूर्वी मुलांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस यायचे आणि संगणक-खोली बंद पडायची, तो त्रास गेला. जिओजेब्रा, जीकॉम्प्रिस ही शैक्षणिक सॉफ्टवेअर मुलं आवडीनं वापरतात. शिकवायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठीतले धडे फार कामी आले. अडचण इंटरनेटची. अपडेट शेकडो एमबींचे, आणि पावसाळ्यात रेंज जाते. आणि बिघडलं तर तालुक्याला लिनक्स जाणणारा दुरुस्तीवाला सापडत नाही! ही उणीव मला सगळ्यात मोठी वाटते.

नोकरीनिमित्त जर्मनीत, आई-बाबा सांगलीला
बाबांच्या लॅपटॉपवर विंडोज ठेवून शेजारी मिंट टाकलं. मिंटमधून बाहेर पडून विंडोज उघडलं की घड्याळ साडेपाच तास मागे. बाबा हैराण. कारण असं की लिनक्स यंत्रातल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ धरतं. लिनक्सला टर्मिनलमधून एकदा स्थानिक वेळेवर ठेवलं की मिटतं. टाइमशिफ्ट (प्रणालीच्या चालू स्थितीची नोंद ठेवणारं साधन) पहिल्याच दिवशी चालू करा. अपडेटनंतर काही फिसकटलं तर आईलासुद्धा फोनवर सांगून प्रणाली मागच्या स्थितीला नेता येते. आणि टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह (म्हणजे यंत्रात न बसवता) चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर तपासाच. आमचा प्रिंटर शेवटपर्यंत चालला नाही, दुसरा घ्यावा लागला.

नेटवर्कचं काम, ठाणे
नाशिकच्या दादांसाठी: व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लिनक्सच्या आत दुसरी प्रणाली चालवणारा प्रोग्राम) विंडोज बसवून सहीचं टोकन थेट त्याला जोडता येतं. माझ्या एका स्नेह्यांच्या कार्यालयात तसं चालू आहे, टॅलीही त्यातच. मात्र रॅम किमान ८ जीबी, जमल्यास १६ हवी आणि विंडोजचा परवाना लागतोच, म्हणजे पैशांची बचत तिथे होत नाही. शेवटच्या तारखेच्या आठवड्यात बसवू नका, हंगाम सरल्यावर बसवा.