कुंड्यांसाठी एलईडी ग्रो लाइट निवडताना नेमके काय पाहावे?

इंदिरानगरवासी
नाशिकमधील आमच्या सदनिकेची बैठकीची खोली उत्तराभिमुख असून समोरच्या इमारतीमुळे तेथे थेट ऊन येत नाही. मनीप्लांट तग धरून आहे. पुदिना आणि तुळस मात्र लांबट व फिकट होत चालली आहेत. एका दुकानदाराने खोक्यावर ‘१००० वॅट’ छापलेला जांभळ्या प्रकाशाचा दिवा दाखवला, तर दुसऱ्याने पांढरी एलईडी पट्टी पुरेल असे सांगितले. निवड कोणत्या निकषावर करावी?

कुंडीप्रेमी
खोक्यावरचा असा मोठा आकडा बहुधा जुन्या प्रकारच्या दिव्याशी केलेली तुलना असते, म्हणून दिवा प्रत्यक्षात किती वीज ओढतो ते आधी विचारावे. ल्युमेनवरही विसंबू नये, कारण ते माप माणसाच्या डोळ्यांवर बेतलेले आहे. वनस्पती प्रकाशसंश्लेषणासाठी मुख्यतः ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात, आणि तो पानांवर दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती पडतो, हे ‘पीपीएफडी’ या मापाने मायक्रोमोलमध्ये मोजतात. मनीप्लांटला ५० ते १०० पुरतात. तुळस-पुदिन्याला निदान २०० हवेत. हा आकडा किती अंतरावर मोजला हे उत्पादकाने दिले नसेल, तर तो दिवा मी घेणार नाही.

जांभळा प्रकाश चालतो. पण पाने हिरवा प्रकाशही वापरतात, आणि जांभळ्या उजेडात पानांवरचा पिवळेपणा किंवा कीड लवकर लक्षात येत नाही. बैठकीच्या खोलीत ४००० ते ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचे माप) पांढरा दिवाच बरा.

पंचवटीकर
अंतराचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. पांढऱ्या एलईडीखाली, पानांच्या उंचीवर मोबाइल धरून लक्स (एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचे माप) मोजणाऱ्या ॲपवर येणारा आकडा ७० ने भागला, की पीपीएफडीचा ढोबळ अंदाज मिळतो. म्हणजे तुळशीसाठी सुमारे १४,००० लक्स हवेत, आणि छताजवळच्या ट्यूबलाइटखाली काही शेच भरतात. त्यामुळे पट्टी शेंड्यापासून वीतभर उंचीवर टांगावी.

इंदिरानगरवासी
आभारी आहे. दिवा रात्रभर चालू ठेवला तर चालेल का, आणि वीजबिल किती वाढेल?

कुंडीप्रेमी
टायमर लावून दिवसा १२ ते १४ तास पुरेत. रात्रीचा अंधार राहू द्यावा. २० वॅटची पट्टी रोज १२ तास चालवल्यास ३० दिवसांत ७.२ युनिट होतात. तुळशीला मात्र शक्य असल्यास गच्चीतच जागा द्यावी, कारण उन्हाला फुकटचा पर्याय अजून कोणी काढलेला नाही.