विषय: केबिनमध्ये प्लग किती? (फॉर्म रविवारी बंद!)

प्रेषक: माई
मंगळवार, रात्री 9:10

मंडळी,
ह्यांचं सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं मशीन) न्यायचंय. केबिनच्या नकाशात प्लग फक्त टेबलाच्या आरशाखाली दिसतात आणि पलंग समोरच्या भिंतीला. मशीनची वायर तिथवर पोचायची नाही. एक्स्टेंशन न्यायचं की जहाजावर देतात? विशेष गरजांचा फॉर्म रविवारी बंद होतोय असं खजिनदार म्हणाले, म्हणून घाई. आणि मशीनमधल्या पाण्याचं काय करायचं?
माई

प्रेषक: नाना
मंगळवार, रात्री 9:32

माई, निश्चिंत राहा. सगळ्यांसाठीच स्पाइक बस्टर (विजेची उसळी अडवणारा बोर्ड) मागवतोय. सहा सॉकेट, दोन यूएसबी, दीड मीटर वायर. चौदा केबिन, चौदा बोर्ड. उद्या दुपारी ऑर्डर टाकतो. कुणाला नको असेल तर आत्ताच सांगा, मागच्या सहलीसारखं निघायच्या आदल्या दिवशी नको.
नाना

प्रेषक: आप्पा
मंगळवार, रात्री 10:15

नाना, ऑर्डर थांबवा. स्पाइक बस्टर जहाजावर चालत नाही. पहिल्याच दिवशी बॅग स्कॅनरमधून जाताना तो दिसतो, बॅग बाजूला काढतात, आणि केबिनमध्ये बॅगेऐवजी 'सुरक्षा विभागात येऊन भेटा' अशी चिठ्ठी येते. बोर्ड ठेवून घेतात, उतरताना परत देतात. म्हणजे चौदा केबिनमधली माणसं पहिल्या संध्याकाळी रांगेत.

ही नुसती कंपनीची आडमुठी अट नाही. घरच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल जमिनीला जोडलेली असते, त्यामुळे जिवंत तार एकच. जहाजावर बहुतेक ठिकाणी पुरवठा पोलादी सांगाड्यापासून अलग ठेवलेला असतो आणि दोन्ही तारा जिवंत असतात. 110 व्होल्टच्या प्लगमध्ये सांगाड्याच्या तुलनेत प्रत्येक तारेवर साधारण 55 व्होल्ट. स्पाइक बस्टरमधले व्हॅरिस्टर, म्हणजे जादा व्होल्टेज शोषणारे भाग, दोन्ही तारांपासून अर्थला जोडलेले असतात. जहाजात भलतीकडेच कुठे एका तारेचा सांगाड्याला स्पर्श झाला, की दुसरी तार थेट 110 वर जाते आणि प्रवाह बोर्डातल्या त्या व्हॅरिस्टरमधून उलटा वाट काढू शकतो. बोर्डाचं बटण किंवा फ्यूज तोडतो एकच तार. दुसरी चालूच. बोर्ड बंद दिसतो आणि आत तापत राहतो. अमेरिकन कोस्ट गार्डने 2013 साली नेमकी याच धोक्याची सूचना काढली होती.
आप्पा

प्रेषक: नाना
मंगळवार, रात्री 10:41

> बोर्डाचं बटण किंवा फ्यूज तोडतो एकच तार.

मी मागवतोय त्यात ओव्हरलोड ट्रिप आहे, तांबडा दिवा आहे, आणि 1200 जूल लिहिलंय. चांगल्या प्रतीचा माल आहे, रस्त्यावरचा नाही. लॅपटॉपच्या अडॅप्टरमध्येही असलेच भाग असतात, मग तेही जप्त करणार का?
नाना

प्रेषक: आप्पा
बुधवार, सकाळी 6:05

नाना, जूल (किती उसळी शोषतो त्याचं माप) लिहिलेत हीच ओळख. ज्यावर 'जूल' किंवा 'प्रोटेक्टेड'चा दिवा, तो स्पाइक बस्टर. माल जितका चांगला तितके आत व्हॅरिस्टर जास्त. ओव्हरलोड ट्रिप वेगळी गोष्ट, तिचा इथे उपयोग नाही. बोर्डावर भार पडलेलाच नसतो, मग ती पडेल कशाला?

लॅपटॉपच्या अडॅप्टरमधला व्हॅरिस्टर सहसा दोन तारांच्या मध्ये बसवलेला असतो, अर्थकडे त्याला वाटच नाही. म्हणून तो चालतो.

आणखी एक. केबिनमध्ये सहसा चपट्या पिनांचा 110 आणि गोल पिनांचा 220 असे दोन्ही प्लग असतात. बोर्ड 110 चा असला आणि कुणी पिन बदलणारा अडॅप्टर लावून तो गोल सॉकेटमध्ये घातला, तर व्हॅरिस्टर तिथल्या तिथे जळेल. पिन बदलली म्हणून व्होल्टेज बदलत नाही. चौदापैकी एक जण तरी हे करणारच.
आप्पा

प्रेषक: खजिनदार
बुधवार, सकाळी 8:20

विजेत मी पडत नाही. फक्त फॉर्मबद्दल:
विशेष गरजांचा फॉर्म ग्रुपच्या नावाने जात नाही, प्रत्येक केबिनच्या बुकिंग क्रमांकावर जातो. मी एकगठ्ठा पाठवला तर तो माझ्या केबिनला चिकटेल आणि माईंचं एक्स्टेंशन माझ्या दारात येऊन पडेल. म्हणून ज्यांना मशीन, इन्सुलिनसाठी फ्रीज, बाथरूममध्ये धरायला दांडा वगैरे हवंय, त्यांनी आपापल्या क्रमांकावर भरावा. कंपन्या निदान महिनाभर आधी मागतात, रविवार त्यावरूनच आलाय. मला प्रत पाठवा, पण माझ्याकडून भरून घेऊ नका. सहल समितीने मागच्या वेळी 'आम्ही भरतो' म्हटलं आणि काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.
खजिनदार

प्रेषक: सहल समिती
बुधवार, सकाळी 8:58

मागच्या वेळी काय झालं ते नेमकं लिहावं. याद्या आम्ही वेळेत दिल्या होत्या. असो. केबिनसंबंधी पत्रव्यवहार समितीकडून व्हायचा असं ठरलंय, तेव्हा प्रत आम्हालाही पाठवावी.
समिती

प्रेषक: वहिनी
बुधवार, दुपारी 12:30

माई, मुद्द्याचं सांगते.
फॉर्ममध्ये दोन ओळी लिहा: 'सीपॅपसाठी एक्स्टेंशन कॉर्ड' आणि 'डिस्टिल्ड वॉटर'. बहुतेक जहाजं दोन्ही देतात. पहिल्या दिवशी केबिनमध्ये दिसलं नाही तर केबिन सांभाळणाऱ्या माणसाला लगेच विचारा, संध्याकाळपर्यंत थांबू नका. तीच कॉर्ड दुसऱ्या कुणाकडे गेलेली असते.

नकाशावर जाऊ नका. पलंगाच्या मागे किंवा उशाच्या कपाटाशेजारी बऱ्याचदा एक सॉकेट दडलेलं असतं, गादी जरा सरकवली की सापडतं. नसेल तर कॉर्ड जमिनीवरून आडवी नेऊ नका, रात्री उठणाऱ्याच्या पायात येते. केबिनच्या भिंती आणि छत पोलादी असतात, त्यावर लोहचुंबकाचे हुक बसतात. आठ-दहा हुक न्या आणि वायर टेबलापासून भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून पलंगापर्यंत न्या. चिकटपट्टी नको. रंग निघतो आणि भरपाई आपल्या खात्यावर लागते. कडेकडेने न्यायची तर सरळ मापाच्या दीडपट वायर लागते, म्हणून फॉर्ममध्ये 'लांब, निदान 3 मीटर' असं लिहाच.

दुसरं, काही जहाजांवर दाराशी कार्ड घालायची खाच असते, कार्ड काढलं की दिवे जातात. एखाद्या ठिकाणी सॉकेटही जातं. मशीन लावून, कार्ड काढून एकदा बघा. रात्री 2 वाजता कळण्यापेक्षा बरं.

बाथरूममधलं शेव्हरचं सॉकेट चालेल का?
वहिनी

प्रेषक: आप्पा
बुधवार, दुपारी 1:02

> बाथरूममधलं शेव्हरचं सॉकेट चालेल का?

नाही. त्याच्यामागे छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, जेमतेम 20 वॉटपर्यंतचा. दाढीचं यंत्र, इलेक्ट्रिक टूथब्रश, बस. सीपॅपचा अडॅप्टर 65 किंवा 90 वॉटचा असतो, पाणी तापवणारा भाग चालू असेल तर जवळजवळ तितकं ओढतोही. अडॅप्टरवर '100–240 व्होल्ट, 50–60 हर्ट्झ' छापलेलं असेल तर मात्र 110 किंवा 220 कुठल्याही सॉकेटला चालेल, फक्त पिन जुळायला हवी.
आप्पा

प्रेषक: दादा
बुधवार, संध्याकाळी 6:45

हुकांवरून आठवलं, ते आणि दाराचं कार्ड एका खिशात ठेवू नका. जुन्या जहाजांवर अजून काळ्या पट्टीची कार्डं आहेत, लोहचुंबकाने कोरी होतात. चुंबक असलेलं फोनचं पाकीटही तेच करतं.

बरं, प्लगचं मिटलं असेल तर केबिनच बदलून मिळतील का? आम्हाला आठव्या मजल्यावर अगदी पुढची मिळालीय. दृश्य छान म्हणतात.
दादा

प्रेषक: वहिनी
बुधवार, संध्याकाळी 7:20

दादा, दृश्य छान, पोटाचं काय? वर आणि पुढे म्हणजे सगळ्यात जास्त हालणारी जागा. जहाज सीसॉसारखं मध्याभोवती डोलतं, टोकाला झोका मोठा. बाजूला पाण्याखाली फिन (माशाच्या परांसारखे पंख) असतात ते डावी-उजवीकडचं कलणं कमी करतात, पण नाक वर-खाली होतं त्यावर त्यांचा इलाज नाही. मध्यावर, खालच्या मजल्यावर सगळ्यात कमी. पण खाली म्हणून अगदी पुढे घेऊ नका, बंदरात शिरताना पहाटे बाजूला ढकलणारे पंखे आणि नांगराची साखळी वाजते. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटेच खुर्च्या ओढतात. ज्या केबिनच्या वर आणि खाली केबिनच आहेत ती घ्यावी.
वहिनी

प्रेषक: खजिनदार
बुधवार, संध्याकाळी 7:31

केबिन आता बदलणार नाहीत. आपण 'गॅरंटी' दर घेतला होता. त्यात प्रकार आपला, जागा कंपनी ठरवते. हे सभेत सांगितलं होतं.
खजिनदार

प्रेषक: डॉक्टरताई
बुधवार, रात्री 9:50

दादांनी बोट लागू नये म्हणून गोळी सोबत ठेवावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर पोटात टिकत नाही, मेक्लिझिन असेल तर हलायला लागायच्या तासभर आधी घ्यायची. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी निदान 4 तास आधी लावावी लागते, 3 दिवस चालते. लावल्यावर हात साबणाने धुवा. तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसतं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी ती आपल्या डॉक्टरांना न विचारता लावू नये, वयस्कर माणसं तिने गोंधळूही शकतात. ताजी हवा, क्षितिजाकडे नजर आणि रिकामं न ठेवलेलं पोट यांनीही बराच फरक पडतो.

हात धुण्यावरून, जेवणघराच्या दारातल्या हात साफ करायच्या जेलवर विसंबू नका. उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसवर जेल नीट लागू पडत नाही, साबण-पाणीच लागतं.
डॉक्टरताई

प्रेषक: सचिव
गुरुवार, सकाळी 7:15

विषयाला धरून राहावे ही विनंती. मूळ प्रश्न माईंचा होता.
सचिव

प्रेषक: माई
गुरुवार, सकाळी 10:05

फॉर्म भरला, 3 मीटर लिहिलं, खजिनदार आणि समिती दोघांना प्रत गेली. आता पाण्याचं. किती मागू? आणि मशीन मोठ्या बॅगेत टाकलं तर चालेल ना, जागा आहे.
माई

प्रेषक: वहिनी
गुरुवार, सकाळी 10:40

मोठ्या बॅगेत अजिबात नको! धक्क्यावर हमालाकडे दिलेली बॅग केबिनच्या दाराशी यायला कधीकधी रात्र होते, आणि बाजूला काढली गेली तर आणखी उशीर. मशीन, मास्क, ह्यांची औषधं, चष्मा, कागदपत्रं हातातल्या पिशवीत. विमानातही मशीन हातात. वैद्यकीय उपकरण म्हणून बऱ्याच विमान कंपन्या ते सामानात मोजत नाहीत, डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असू द्या. निघताना पाण्याची टाकी रिकामी आणि कोरडी करा. थोडं पाणी राहिलं आणि मशीन आडवं झालं तर ते पंख्यात जातं आणि मशीन संपलं.

टाकी 300 ते 400 मिलीची असते, रात्रीत सगळी लागतेच असं नाही. 7 रात्रींना 3 लिटर पुरे. शिळं पाणी सकाळी ओतून टाकायचं. एखाद दिवशी डिस्टिल्ड मिळालं नाही तर बाटलीतलं पाणी एक-दोन रात्री चालून जातं, टाकीत पांढरा थर बसतो तेवढाच. नळाचं नको.
वहिनी

प्रेषक: नाना
गुरुवार, दुपारी 2:20

ठीक आहे, स्पाइक बस्टर रद्द. साधे तीन सॉकेटचे बोर्ड बघितले, जूल नाही, दिवा नाही, बटणही नाही. आता तरी चालतील ना आप्पा?

आणि वीज गेली तर? मशीनची बॅटरीही बघून ठेवलीय.
नाना

प्रेषक: आप्पा
गुरुवार, दुपारी 3:05

नाना, विजेच्या दृष्टीने साधा बोर्ड चालेल. कंपनीच्या दृष्टीने सांगता येत नाही. काही कंपन्या हल्ली एकापेक्षा जास्त सॉकेट असलेलं काहीही घेऊन ठेवतात. आपल्या बुकिंगच्या कागदांत निषिद्ध वस्तूंची यादी आहे, ती वाचल्याशिवाय चौदा घेऊ नका. फोन-घड्याळांसाठी थेट भिंतीत बसणारा, वायर नसलेला, चार पोर्टांचा यूएसबी चार्जर बरा. तो सहसा कुणी अडवत नाही आणि केबिनमागे एक पुरतो. इस्त्री, वाफेचं यंत्र, पाणी तापवायची किटली कुणीही आणू नये. ती बहुतेक सगळीकडे निषिद्ध आहेत.

बॅटरीवर वॉट-अवर (तिच्यात किती वीज मावते तो आकडा) बघा. 100 पर्यंत विमानात विनापरवानगी नेता येते, 100 ते 160 मध्ये विमान कंपनीची आधी संमती लागते, वर नाही. आणि हातातल्या सामानातच, खाली द्यायच्या बॅगेत नाही. 100 च्या आतलीच घ्या. पाणी तापवणं बंद ठेवलं तर ती एक रात्र काढते, चालू ठेवलं तर निम्मीही नाही.
आप्पा

प्रेषक: समिती
गुरुवार, दुपारी 4:10

यूएसबी चार्जर समिती मागवेल. नानांनी वेगळे मागवू नयेत.
समिती

प्रेषक: नाना
गुरुवार, दुपारी 4:12

मागवले.
नाना