निकालावर शंका असली तर कोर्टात जायचं कसं?

देशमुख काका, ए-२०४: विधानसभेचा निकाल पटला नाही तर नागपूर खंडपीठात रिट टाकून द्यायची, एवढंच नं?

ॲड. वैद्य, बी-६०१: नाही काका, संविधानाचं कलम ३२९(ब) रिटचा रस्ता अडवते. फक्त निवडणूक याचिका चालते, हायकोर्टात, निवड जाहीर झाल्यापासून ४५ दिवसांत. उमेदवार टाकू शकतो, त्या मतदारसंघातला मतदारही. ४६ व्या दिवशी उशीर माफ करत नाहीत.

शीतलताई, सी-१०३: सोबत काय लागते?

ॲड. वैद्य: ₹२,००० अनामत. जितके प्रतिवादी तितक्या प्रती, प्रत्येकीवर याचिकाकर्त्याची स्वतःची ‘खरी प्रत’ म्हणून सही. खरी गफलत प्रतिवादींच्या यादीत होते. फक्त निवड रद्द मागत असाल तर सहसा विजयी उमेदवार पुरतो. ‘मलाच विजयी घोषित करा’ म्हटलं की रिंगणातले सगळे जोडावे लागतात. एक सुटला की लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८६ खाली याचिका बाद, पुराव्यापर्यंत गाडी जातच नाही.

देशमुख काका: पण फरक थोडाच असला तर फेरमोजणी देतीलच नं बाप्पा?

ॲड. वैद्य: काहून देतील? २०२४ च्या लोकसभेला मुंबई वायव्यमध्ये फरक होता ४८ मतांचा. तरी डिसेंबरात याचिका फेटाळली, ठोस तथ्यं मांडली नव्हती म्हणून. ‘मोजणीत घोळ झाला’ एवढ्यानं भागत नाही. कोणतं केंद्र, १७सी मध्ये (केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाचा फॉर्म) नोंदलेली मतं किती, मोजणीत निघाली किती, ते लिहा. आणि त्या तफावतीनं निकाल फिरला पाहिजे.

कुलकर्णी, डी-४०५: ईव्हीएम तपासणीची मुदत वेगळी आहे हो. एप्रिल २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारानं ७ दिवसांत लेखी मागायचं, दर विधानसभा क्षेत्रात ५ टक्के यंत्रांपर्यंत. खर्च त्याचा, छेडछाड सापडली तर पैसे परत. लोक ४५ दिवस धरून बसतात अन् हे ७ हुकतात.

शीतलताई: आपल्या मनपाचं?

ॲड. वैद्य: तिथं १० च दिवस, अन् हायकोर्टात नाही. सोसायटी कमिटीच्या निवडणुकीला मात्र सहकार न्यायालयात २ महिने. म्हणजे टाकीच्या पाण्यावरून भांडणाऱ्यांना आमदारकीपेक्षा जास्त सवड 😄

देशमुख काका: तो १७सी भेटते कुठं?

कुलकर्णी: मतदान संपलं की केंद्राध्यक्ष सहीची प्रत मतदान प्रतिनिधीच्या हाती देतो, पोच घेतो. प्रतिनिधी त्याआधीच चहाला गेला तर ती प्रत गेली.