खताची गोणी स्वस्त हवी, की खात्यात पैसे? न्यूझीलंड, मलावी, चीन आणि आपण

केदार (वाशीम):
2012 पासून युरियाचा दर जवळपास हललेलाच नाही. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना. 2010 च्या नव्या अनुदान पद्धतीत युरिया वगळला, बाकीची खतं घेतली, म्हणजे त्यांच्यावर ठरावीक अनुदान देऊन दर खुले केले. डीएपी या दुसऱ्या खताची 50 किलोची गोणी तेव्हा साधारण 467 ला होती, ती 1350 वर गेली. मग माणूस काय टाकणार? युरियाच. आमच्याकडे कपाशी काळीभोर होते, पानाफांद्यांची वाढ नुसती, आणि मागोमाग तुडतुडे. गोणीत वाचलेला पैसा फवारणीत जातो. न्यूझीलंडने 1984 मध्ये शेतीची अनुदानं काढून घेतली, शेती बुडाली नाही. आपणही दर खुले करावेत आणि एकरी रक्कम खात्यात द्यावी.

मिलिंद (ऑकलंड):
केदारभाऊ, न्यूझीलंडची गोष्ट अर्धीच सांगितलीत. अनुदान गेल्यावर इथल्या डोंगराळ भागातल्या अनेकांनी एक-दोन वर्षं खत टाकणंच थांबवलं. शेकडो हेक्टर कुरण असलेल्याला ते झेपतं. शिवाय सरकारी ग्रामीण बँकेने कर्जाचा काही भाग सोडून दिला, चलनाचं अवमूल्यन झाल्याने निर्यातीला हात मिळाला. तरी 1982 च्या सुमारास 7 कोटी असलेल्या मेंढ्या आज 3 कोटींच्या खाली आहेत. दोन एकरवाल्याला ही वाट दाखवू नका.

सुनंदा (परभणी):
माझा मुद्दा वेगळा आहे. मी चार एकर बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करते. सातबारा मालकाचा, त्यामुळे पीएम किसानचे वर्षाचे 6000 मालकाच्या खात्यात. तेलंगणात 2018 च्या रयतु बंधू या एकरी रक्कम देणाऱ्या योजनेतही कसणारी कुळं बाहेरच राहिली. युरियाची गोणी मात्र दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा लावला की मला मिळते. माझ्यापर्यंत पोचणारं सरकारचं एवढंच अनुदान आहे, आणि तुम्ही नेमकं तेच काढायला निघालात. मलावीत 2005 च्या दुष्काळानंतर गरीब शेतकऱ्यांना खत-बियाण्याची कूपनं दिली, पुढच्याच हंगामात मका दुपटीवर गेला.

केदार (वाशीम):
त्या वर्षी तिथे पाऊसही चांगला होता, ताई. आणि 2008 मध्ये जगात खताचे भाव भडकले तेव्हा त्याच कूपनांनी मलावीचं बजेट पोखरलं. ‘अंगठा लावला की मिळते’ हेही पूर्ण खरं नाही. मागच्या जूनमध्ये एका दुकानात दोन गोण्यांसोबत कसल्याशा द्रावणाची बाटली माथी मारली. पावती फक्त युरियाची. चीनकडे बघा: 2006 ला शेतसारा रद्द केला, बी-खतासारख्या निविष्ठांसाठी थेट पैसे दिले, 2015 ला खताचा वापर वाढू द्यायचा नाही असं ठरवलं, आणि वापर उतरला.

सुनंदा (परभणी):
लिंकिंग, म्हणजे खतासोबत असा दुसरा माल माथी मारणं, मलाही सोसावं लागतं, पण त्यावर इलाज दुकानाची तपासणी हा आहे. आणि चीनमध्ये तरी ते पैसे बहुतेक ठिकाणी कोणाला मिळाले? जमिनीचा करार ज्याच्या नावावर त्याला, कसणाऱ्याला नव्हे. माझे मालक बरे आहेत, पण बटई कागदावर लिहून देत नाहीत. कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही भीती. मग एकरी रक्कम माझ्या खात्यात कोणत्या कागदावर येणार?

मिलिंद (ऑकलंड):
श्रीलंकेचंही आठवा. 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली, नोव्हेंबरात माघार घ्यावी लागली, तोवर भाताचा हंगाम हातचा गेला होता. जे काही कराल ते टप्प्याटप्प्याने करा.

केदार (वाशीम):
कुळाची भीती आमच्याकडेही तशीच आहे, ते मी धरलं नव्हतं. मग एकरी रक्कम नको. अनुदान अंगठ्यावरच ठेवू, पण ठरावीक रकमेचं. त्यातून युरिया घ्या, डीएपी घ्या नाहीतर पोटॅश. दर खुले राहतील आणि पैसा कसणाऱ्याच्याच हातात पडेल.

सुनंदा (परभणी):
याला मी तयार आहे. पण ती रक्कम बाजारभावाबरोबर वाढली पाहिजे, आणि पोटॅश दुकानात असलं पाहिजे. यंदा जुलैत तीन हेलपाटे घातले, तिन्ही वेळा रिकाम्या हाताने परत आले.