जुन्या कॉम्प्युटरवर कोडी टाकून घरचं थेटर: करावं का नको?

वडगावकर

मंडळी, आमच्या घरी एक डेस्कटॉप पडून होता, आय३ सहाव्या पिढीचा, ८ जीबी रॅम. २०२५ च्या ऑक्टोबरात विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला आठवी पिढी लागते, म्हणजे आमचा डबा दारातच अडला. भंगारवाला जी किंमत बोलला ती ऐकून राग आला म्हणून विकला नाही. मग एका रविवारी बसलो, पेन ड्राइव्हवर लिब्रेएलेक नावाचं छोटं लिनक्स चढवलं, त्यात कोडी तयारच येतं, डब्याची हार्ड डिस्क पुसून त्यावर टाकलं, एचडीएमआय वायर टीव्हीला जोडली, झालं. चालू केलं की विंडोज नाही, डेस्कटॉप नाही, सरळ पिक्चर-गाणी-फोटो असा मेनू येतोय टीव्हीवर. खर्च शून्य.

ज्यांना म्हायती नाही त्यांच्यासाठी: कोडी हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे, जीपीएल लायसन्सचं, म्हणजे त्याचा कोड कोणीही बघावा, बदलावा, वाटावा. सुरवात २००२ सालची, काही हौशी पोरांनी एक्सबॉक्स या गेमच्या डब्यावर व्हिडिओ बघायला केलेला प्लेअर, पुढं त्याचं एक्सबीएमसी झालं आणि २०१४ ला नाव बदलून कोडी. त्याच वर्षी आपल्या बेळगावचंबी सरकारी नाव बदललं बघा, पण कोडीच्या वेळेला कोणी मोर्चा काढला नाही.

माझं मत सरळ आहे. घरात जुना कॉम्प्युटर असेल तर टीव्हीच्या मागं खोचायची ती ओटीटीची स्टिक विकत घ्यायच्या आधी हे करा. नाही पटलं तर बोला.

निपाणीकर

नाही पटलं, म्हणून बोलतो.

भावा तू लावलंस, तुला येतंय, तुला मजा वाटली, इथपर्यंत ठीक. पण टीव्ही तुझ्या एकट्याचा आहे काय? मीपण चार वर्षांपूर्वी हेच केलतं. मी घरात असलो की सगळं भारी चालायचं. मी आठ दिवस कामासाठी बाहेर गेलो आणि रोज रात्री जेवणाच्या टायमाला फोन, "अरे ते निळं काहीतरी आलंय, काय दाबू?" मी हॉटेलातनं व्हिडिओ कॉलवर बायकोला रिमोट शिकवालोय, तिकडं आमटी गार. परत आलो तर टीव्हीवर कापड घातलेलं आणि सगळी शेजारच्या घरात मालिका बघायला.

दुसरं, ओटीटी. तुझ्या डब्यावर ओटीटी नीट दिसत नाही हे तू लिहिलंच नाहीस. त्या कंपन्यांचं कुलूप असतं, वाइडवाइन म्हणतात त्याला. स्टिकमध्ये, टीव्हीत त्याची एल१ पातळी हार्डवेअरातच असते. लिनक्सच्या कॉम्प्युटरला एल३ वर भागवावं लागतंय, म्हणून बरीच अॅप्स चित्राचा दर्जा खाली आणतात, ४के तर सोडूनच दे. महिन्याचे पैसे भरायचे आणि धुरकट बघायचं, हे कुठलं शहाणपण?

वडगावकर

ओटीटीचं मान्य, ते मी लिहायला पाहिजे होतं. कोडी ओटीटीसाठी नाहीच मुळात. ज्याच्याकडं स्वतःच्या फायली आहेत, घरचे व्हिडिओ, विकत घेतलेल्या सीडी-डीव्हीडीतनं काढून ठेवलेलं, गाण्यांचा साठा, त्याच्यासाठी आहे.

रिमोटचं मात्र आता तसं नाही. फोनवर कोरे नावाचं कोडीचं स्वतःचं अॅप आहे, फुकट.

निपाणीकर

म्हणजे आईनं आधी चष्मा शोधायचा, मग फोन शोधायचा, मग अॅप शोधायचं, मग टीव्ही लावायचा. चांगलं आहे.

शहापूरची_लेक

मी कोणाच्याच बाजूची नाही पण तुम्ही दोघंपण लाईट बिलाचं बोलाला नाही, पुरुषांचं नेहमीचंच 🙂

वडगावकर दादा, डबा दिवसभर चालू ठेवता की बघून झालं की बंद करता? आमच्याकडं माझ्या भावानं असाच ठेवलेला, मी सॉकेटला मीटर लावून बघितलं, ४५ वॅट. रोज चार तास धरलं तर महिन्याला साडेपाच युनिट, चालतंय. पण भाऊसाहेबांनी त्याला सर्व्हर केलेला, चोवीस तास चालू, म्हणजे महिन्याला ३२ युनिट! आता आपल्याकडं गृहज्योती आहे, कर्नाटक सरकारची मोफत लाईटची योजना. २०२२-२३ ची सरासरी आणि वर थोडी सूट, तेवढंच मोफत, आणि २०० च्या वर गेलं की सगळंच बिल आपल्या अंगावर. आमची सरासरी ८० ची, म्हणजे नव्वदच्या आसपास फुकट, आणि त्यात हे ३२ वाढले. मुक्त सॉफ्टवेअरच्या नादात मोफत मर्यादा ओलांडली.

आता त्यानं रास्पबेरी पाय ४ घेतलाय, तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, साधारण ५ वॅटचा, चोवीस तास ठेवला तरी चार युनिटच्या आत. आणि रिमोटचं भांडणपण मिटलं, कारण पायला एचडीएमआय-सीईसी आहे, टीव्हीच्याच रिमोटवर कोडी चालतं. साध्या डेस्कटॉपला ती सोय बहुतेक नसते, त्याला वेगळा यूएसबी अडॅप्टर लागतो. हे आधी कोणी सांगत नाही आणि मग घरात तीन रिमोट आणि एक कीबोर्ड होतो सोफ्यावर.

वडगावकर

ताई हे बरं सांगितलात. मी बंद करतो रात्री, पण सीईसीचं मला खरंच म्हायती नव्हतं, मी सेटिंगमध्ये दोन तास शोधालोय की ते पान माझ्याकडं का दिसत नाही.

खानापूर_रानातला

निपाणीकर साहेब, तुमच्याकडं हायवे आहे, फायबर आहे, तुम्ही बोलणारच. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडं येऊन चार दिवस राहा आणि मग स्टिकचं कौतुक करा. जूनला एकदा लागला की झाड पडतंय, वायर तुटतीय, नेट दोन-दोन दिवस नाही, आणि तुमच्या त्या स्टिकवर गोल गोल फिरणारं चक्र बघत बसायचं. फाइल आपल्या डिस्कवर असली की इन्व्हर्टरवर एक पिक्चर सहज निघतोय. आमच्या घरात पावसाळ्याचे चार महिने डिस्कच कामाला येते.

मी कोडी एकटं वापरत नाही, मागं जेलीफिन आहे, घरातल्या फायली सगळ्या स्क्रीनना पुरवणारं मुक्त सॉफ्टवेअर. एका खोलीत डबा, त्यावर सगळ्या फायली, आणि टीव्ही, फोन, पोरीचा लॅपटॉप, जिथनं पाहिजे तिथनं घरच्या वायफायवर बघायचं. बाहेरचं नेट नसलं तरी घरातलं वायफाय चालतंच की! अर्धा बघून झोपलं तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टीव्हीवर तिथनंच पुढं.

एकच इशारा, पाय घेणाऱ्यांनी लक्ष द्या. लाईट झटक्यात गेली की मेमरी कार्ड मरतंय. माझी दोन गेली. आता यूएसबीवर एसएसडी लावलीय आणि छोटा यूपीएस.

निपाणीकर

खानापूरवाल्यांना सूट. पण बघा, तुमची यादी मोजा: पाय, एसएसडी, यूपीएस, दोन मेलेली कार्डं. वडगावकरांचा "खर्च शून्य" कुठं गेला?

चिकोडीचा_कोडी

नावावरनं कळलं असेल मी कुठल्या गावचा आणि कुठल्या पार्टीचा 😄 मराठीत कोडी म्हणजे उखाणे, कन्नडमध्ये कोडी म्हणजे तळं भरून पाणी वाहून जातं ती जागा, आणि दोन्ही अर्थ बरोबर आहेत. आधी सुटत नाही, सुटलं की डिस्क भरून वाहतीय.

एक गोष्ट स्पष्ट बोलूया. बाजारात "कोडीवाला बॉक्स, सगळे पिक्चर फुकट" म्हणून विकतात, आमच्या ओळखीच्या एकानं घेतला, तीन महिन्यात आतली सगळी अॅड-ऑन, म्हणजे वर जोडलेले छोटे प्रोग्राम, बंद, आता तो सगळ्यांना सांगत फिरतोय की कोडी फालतू आहे. अरे कोडीत पिक्चर येतच नाहीत! ते रिकामं कपाट आहे, सामान तुमचं. कोडी बनवणारी मंडळी स्वतःच असल्या बॉक्सांच्या विरोधात वर्षानुवर्षे बोलत आलीत, त्यांचंच नाव खराब होतंय म्हणून. चोरीच्या मालासाठी कोणी हे लावत असेल तर लावू नका, कारण त्यात व्हायरसपण येतोय आणि चोरी ती चोरीच.

निपाणीकर

बरोबर. पण मग प्रामाणिक माणसाकडं दाखवायला फायली असतात किती? लग्नाची डीव्हीडी, बारशाचे फोटो, संपलं. तेवढ्यासाठी थेटर?

कॅम्पातले_काका

तुम्ही मुलं नुसतं सॉफ्टवेअर-सॉफ्टवेअर करत बसलाय, थेटर म्हणजे आवाज हो! टीव्हीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवलेले ते दोन कागदी स्पीकर, त्याला होम थिएटर म्हणायचं? माझ्याकडं १९९० च्या दशकातला स्टिरिओ अॅम्प्लिफायर आहे, दोन लाकडी स्पीकर, डब्याच्या हिरव्या पिनेतनं वायर काढून जोडलेत. जुनी नाट्यगीतं लावली की खिडकी बंद करावी लागते. हे आधी करा, मग कोडी का स्टिक त्यावर भांडा.

आता निपाणीकरांच्या प्रश्नाचं. फायली किती असतात विचारता? माझ्याकडं हॅंडीकॅमच्या ४१ कॅसेटी आहेत, मिनीडीव्ही. शिवजयंतीच्या चित्ररथाच्या आठ वर्षांच्या मिरवणुका त्यात आहेत, आपली मिरवणूक रात्रभर चालते हे तुम्हाला सांगायला नको, आणि प्रत्येक वर्षी मी पहाटेपर्यंत कॅमेरा घेऊन उभा असायचो. कॅसेटी फायरवायर केबलनं कॉम्प्युटरवर उतरवल्या, एका तासाला १३ जीबी होतात. आता त्या स्टिकवर लावून बघा. माणूस हलला की कडेला कंगव्यासारखे दात दिसतात, कारण ते जुनं इंटरलेस चित्र आहे, एक ओळ सोडून एक ओळ घेतलेलं. माझ्या स्टिकवरच्या प्लेअरला ते समजत नाही. कोडीत डीइंटरलेसची सोय आहे, ती चालू केली आणि दात गेले, पालखी सुळसुळ पुढं सरकायला लागली. मी त्या रात्री तीन वाजेपर्यंत बसलो होतो. त्यातले निम्मे लोक आता नाहीत.

तेव्हा प्रामाणिक माणसाकडं काय असतं हे मला विचारू नका.

निपाणीकर

काका, तुमच्यापुढं बोलणं नाही. पण ४१ कॅसेटी सगळ्यांकडं नसतात, एवढंच म्हणतो.

शहापूरची_लेक

काका, मूळ १३ जीबीवाल्या फायली पुसू नका हं. बघायला हॅंडब्रेकनं छोट्या करून घ्या, तेपण मोफतच आहे, आणि मूळच्या दोन डिस्कांवर ठेवा.

चिकोडीचा_कोडी

मुक्त का पाहिजे याचं उत्तर फुकट हे नाहीच, तिथं निपाणीकर आणि वडगावकर दोघंपण चुकालेत. प्लेक्स बघा, तेपण आपल्या डिस्कवरचं टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर. ते कोडीच्याच जुन्या कोडातनं निघालेलं, पुढं कंपनी झाली, कुलूपबंद झालं. एप्रिल २०२५ पासनं घराबाहेरनं आपल्याच डिस्कवरचं बघायला ते पैसे मागतात. तसल्याच एम्बीनं २०१८ ला आपला कोड बंद केला, तर लोकांनी शेवटचा उघडा कोड उचलला आणि त्याचंच जेलीफिन झालं. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर पॅरिसच्या कॉलेजातल्या पोरांनी १९९६ ला सुरू केलं, २००१ ला जीपीएलखाली आलं, आजपर्यंत जाहिरात नाही. कोणी दार बंद केलं तर मागच्या दारानं सामान घेऊन निघता येतं, एवढाच फायदा आहे आणि मला तो पुरतोय. तुमच्या स्टिकचं पहिलं पान गेल्या दोन वर्षात किती वेळा बदललं आणि त्यावर किती जाहिराती आल्या ते मोजा जरा.

निपाणीकर

जाहिरातींचं खरं आहे. रिमोट दाबायच्या आधी साबण दिसतोय.

पण तुझा मुद्दा तुझ्यासारख्याला लागू. मला मागच्या दारानं निघायला येत नाही, मला दुकानात जाऊन दुसरी स्टिक घ्यायला येतं. माझा संध्याकाळचा तास मला त्या सेटिंगांपेक्षा महाग आहे, यात मुक्त-बंदिस्त काही नाही. वडगावकर, एक खरं सांग, डब्यावर ४के लावून बघितलंस काय? भाच्यानं नव्या फोनवर काढलेलं लग्न, १० बिट एचईव्हीसी, म्हणजे नव्या पद्धतीनं दाबून छोटा केलेला व्हिडिओ?

वडगावकर

बघितलं. अडखळतंय. सहाव्या पिढीला ८ बिटचं एचईव्हीसी हार्डवेअरवर येतं, १० बिटला सगळा भार प्रोसेसरवर पडतोय, पंखा विमानासारखा ओरडतोय, सांब्र्याच्या विमानतळावर उतरालोय असं वाटतंय. पण आमचा टीव्हीच फुल एचडी आहे, १०८० च्या फायली लोण्यासारख्या चालतात.

खानापूर_रानातला

पाय घेणार असाल तर ४ च घ्या. तो ४के एचईव्हीसी १० बिट हार्डवेअरवर काढतो. ५ महाग, आणि त्यात एच.२६४ या जुन्या व्हिडिओ फॉरमॅटचा हार्डवेअर डीकोडर काढूनच टाकलाय, प्रोसेसर दमदार म्हणून निभावतं एवढंच.

आणि अजून एक कोणी बोललं नाही. आमच्या केबलवाल्याच्या पॅकमध्ये सगळी कन्नड चॅनलं, मराठी पाहिजे तर वर पैसे. मी छतावर फ्री डिशची ताटली लावली, डब्यात ताटलीचा सिग्नल घेणारा डीव्हीबी-एस२ ट्यूनर बसवला आणि तो सिग्नल कोडीला देणारं टीव्हीहेडएंड टाकलं, तेपण मुक्त सॉफ्टवेअर. आता कोडीच्याच मेनूत सह्याद्री पण येतं आणि कन्नड दूरदर्शनचं चंदना पण, आई इकडची, बायको धारवाडकडची, दोघींचं भागतंय, आणि रेकॉर्डपण होतंय. महिन्याला शून्य. ताटलीची दिशा धरायला मात्र अर्धा दिवस गेला, मी छतावर आणि खालनं सगळी ओरडालीत "आलं, आलं, गेलं!"

निपाणीकर

हे मात्र मला आवडलं. ट्यूनर कुठला घेतलास ते वेगळं कळव.

वडगावकर, शेवटचं विचारतो. आईला विचारलंस काय, तिला हे पाहिजे का?

वडगावकर

काल विचारलं. सगळं दाखवलं, पोस्टर, फोटो, गाणी, माझ्या मुंजीचा व्हिडिओ. पूर्ण बघितलं तिनं, रडली पण थोडी. मग म्हणाली, "छान केलंस रे. यात माझी साडेसातची मालिका कुठाय?"

सेट-टॉप बॉक्स परत एचडीएमआय २ ला जोडलाय. पाय ४ चा भाव बघालोय.